घराच्या रॅपवर नाव छापलं तर रॅप कमजोर होतो का?

प्रश्न असा आहे. सोलापूरजवळ मोहोळ रस्त्याला एक गृहस्थ हलक्या स्टील फ्रेमचं, म्हणजे एलजीएसएफचं घर बांधताहेत. आतून जिप्सम, मध्ये रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), बाहेरून सिमेंट फायबर बोर्ड आणि त्या बोर्डामागे हाऊस रॅप, म्हणजे पाणी अडवणारी पण वाफ सोडणारी प्लास्टिकची चादर. ठेकेदार म्हणतो, "रॅपवर आमचं नाव छापून घेतो, हायवेवरून दिसेल, तुम्हाला रेट थोडा कमी लावतो." पुरवठादार म्हणतो, छपाईनं काहीच फरक पडत नाही. या गृहस्थांचा इंजिनिअर भाचा म्हणतो, शाईनं छिद्रं बुजतात आणि भिंतीचा श्वास कोंडतो. तर खरं कोणाचं?

माझ्या मते पुरवठादार आणि भाचा दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवताहेत. छिद्रं बुजणं ही यातली सगळ्यात छोटी भानगड आहे. छपाईपायी रॅप मार खातो हे खरं, पण दुसरीकडेच.

मी हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय. पहिली नऊ वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसिंगला होतो, शाई, पेस्ट आणि बाइंडरमध्ये (रंग कापडाला धरून ठेवणाऱ्या गोंदात) हात बुडवून. त्यानंतर शेड, ड्रायवॉल आणि आता ही स्टील फ्रेमची घरं. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे कोणी विटेच्या घराला रॅप गुंडाळायला निघायला नको. वीट किंवा एएसी ब्लॉक आणि वर सिमेंटचं प्लास्टर असेल तर रॅपचं काही काम नाही. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरात तर हात-दीड हात जाडीची भिंत पाणी प्यायची आणि पुढच्या उन्हात वाळायची. रॅप लागतो तो थरांच्या हलक्या भिंतीला. बोर्डाच्या सांध्यातून पाणी आत आलं तर ते स्टीलपर्यंत आणि रॉकवूलपर्यंत जाऊ नये, वारा आणि धूळ आत शिरू नये, पण आतली ओल वाफ होऊन बाहेर पडावी, ही त्याची कामं. मूळ गरज अमेरिका-कॅनडातल्या लाकडी फ्रेमच्या घरांची. तिथं आधी डांबराचा कागद लावत. पुढे प्लास्टिकच्या तंतूंचे रॅप आले. त्यातल्या टायवेकचा तंतू १९५५ साली ड्युपॉन्टच्या प्रयोगशाळेत योगायोगानं सापडला आणि व्यापारी उत्पादन १९६७ मध्ये सुरू झालं. सोलापुरात पाऊस कमी म्हणून हसण्यावारी नेऊ नका. सप्टेंबरात वाऱ्यासकट येणारी एक आडवी सर बोर्डाचा कच्चा सांधा शोधून काढते. उन्हाळ्यात तर धूळ आणि गरम वाराच जास्त.

आता भाच्याची शंका. वाफ किती जाते हे पर्ममध्ये मोजतात. १ पर्म म्हणजे प्रति चौरस मीटर, प्रति पास्कल, दर सेकंदाला ५७ नॅनोग्रॅम वाफ. समजा तुमचा रॅप ५० पर्मचा आहे आणि नावाच्या अक्षरांनी १० टक्के जागा व्यापली. शाई काचेसारखी घट्ट धरली तरी उरतात ४५ पर्म. शिवाय वाफेला एकट्या रॅपमधून जायचं नसतं, सगळ्या थरांतून जायचं असतं आणि सगळ्यात घट्ट थर असतो तोच वेग ठरवतो. अमेरिकेत रॅपमागे ओएसबी नावाचा लाकडी बोर्ड असतो, तो कोरडा असताना साधारण १ ते २ पर्मचा. १ पर्मच्या बोर्डावर ५० चा रॅप लावा नाहीतर ४५ चा, एकूण भिंतीत एका टक्क्याचाही फरक पडत नाही. आपल्या भिंतीत आकडे वेगळे असतील, हिशोबाची रीत तीच.

अपवाद एकच, तो म्हणजे पूर्ण रंगवलेला रॅप. पांढऱ्यावर अक्षरं नव्हे, तर सगळी पार्श्वभूमी निळी किंवा केशरी आणि त्यावर पांढरं नाव. तिथं शाई ठिपक्यांत नसते, थरच असतो, आणि मूळ रॅपच ८-१० पर्मचा असेल तर भाचा जिंकतो. ठेकेदाराला विचारा, अक्षरं छापणार की पूर्ण पट्टा रंगवणार? रंग प्लास्टिकच्या दाण्यातच मिसळून तंतू काढला असेल तर गोष्ट वेगळी. ती छपाई नव्हेच.

आता टॉवेलकडे येतो, कारण खरी गोम तिथं आहे.

टॉवेलवाल्याचं सगळं आयुष्य कापडाला पाणी प्यायला शिकवण्यात जातं. आमच्याकडे तपासणी साधी होती. टॉवेलचा चौकोनी तुकडा कापायचा, बादलीतल्या पाण्यावर सोडायचा आणि तो बुडेपर्यंत सेकंद मोजायचे. बुडायला वेळ लागला की मास्तर ओरडायचा, "वेटिंग एजंट कुठं गेलं रे?" वेटिंग एजंट म्हणजे साबणाचाच भाऊबंद. स्वच्छ पाण्याचं पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा धरून ठेवणारी ओढ, सेंटीमीटरला सुमारे ७२ डाइन असतं. साबणाच्या जातीचं काही मिसळलं की ते ३०-३५ पर्यंत उतरतं, आणि एरवी कापडावर गोळी होऊन बसणारा थेंब पसरतो, आत शिरतो.

रॅपचं सगळं शास्त्र याच्या नेमकं उलट आहे. बहुतेक रॅपमध्ये छिद्रं असतातच, वाफ त्यातूनच जाते. पाणी जात नाही कारण छिद्र बारीक आणि प्लास्टिक पाणी झिडकारणारं. रॅपच्या प्लास्टिकची, म्हणजे पॉलिप्रॉपिलिनची पृष्ठऊर्जा ३० डाइनच्या आसपास, पाण्याचं ताण ७२. या दोन आकड्यांतलं अंतर हाच रॅपचा पहारेकरी. पाण्याचा आकडा ३५ वर आला की पहारेकरी झोपला. छिद्र तेवढंच, रॅप तोच, आणि पाणी आरपार. म्हणूनच अमेरिकेत सीडार, रेडवूड अशा लाकडांचा अर्क उतरून रॅपचा पाणीरोध कमी झाल्याची तक्रार जुनी आहे. आपल्याकडे तो मान प्लास्टरमध्ये टाकायच्या प्लास्टिसायझरला आणि बोर्ड धुवायच्या साबणाला द्यावा लागेल.

पाण्यावर आधारित शाईत वेटिंग एजंट असतंच, त्याशिवाय ती प्लास्टिकवर पसरणारच नाही. शाई नीट वाळली, पूर्ण क्युअर झाली (उष्णतेनं पक्की बसली), तर ते बाइंडरमध्ये अडकून बसतं. घाईत वाळवली, मशिनचा वेग वाढवला, शाई वाळवायच्या टनेलचं तापमान कमी ठेवलं, की ते मोकळं राहतं आणि पहिल्या पावसात ओघळून खालच्या रॅपभर पसरतं. म्हणजे बिघाड अक्षराच्या जागी दिसेलच असं नाही, तो अक्षराच्या खालीही दिसू शकतो.

तापमान का कमी ठेवतात? कारण वाढवलं तर रॅप आकसतो. पॉलिप्रॉपिलिन १६० ते १६५ अंशांना वितळतं, एचडीपीई हे दुसरं प्लास्टिक १३० च्या आसपास, आणि आकसायला दोन्ही त्याच्या बरंच आधी लागतात. सुती टॉवेलला १५० अंशांत क्युअर करायची सवय असलेल्या माणसाला इथं हात आवरावा लागतो.

आणखी एक पायरी छपाईआधीची. ३० डाइनच्या प्लास्टिकवर शाई धरत नाही, म्हणून त्यावर विजेच्या ठिणग्यांचा मारा करून पृष्ठऊर्जा ३८ च्या वर नेतात. याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात (नाव आजाराच्या कितीतरी आधीचं आहे, लोक उगाच दचकतात). म्हणजे जे अंतर आपल्याला हवंय, तेच छापण्यासाठी आपण थोडं कमी करतो. बेतानं आणि एकाच बाजूला केलं तर चालतं, शिवाय दिवसांमागे हा परिणाम उतरतोही. पण मारा जास्त झाला तर पातळ फिल्मला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत.

आता टेप. माझं नुकसान झालं ते इथं.

चिंचोळीच्या बाजूला एका शेडच्या ऑफिस ब्लॉकचं काम होतं, एप्रिल महिना. मालकाच्या कंपनीचं नाव रॅपवर छापून आलं होतं, निळी ठसठशीत अक्षरं, रोलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सकाळी सांधे टेपनं बंद केले. दुपारी चारच्या सुमारास वारा सुटला आणि पश्चिमेच्या भिंतीवरचा रॅप पतंगासारखा फडफडायला लागला. पोरगा परांचीवरून ओरडला, "ओ साहेब, टेप सुटली की!" मी जाऊन टेपचं लोंबतं टोक हातात धरलं. टेपच्या चिकट बाजूला निळी अक्षरं, उलटी, आरशात वाचावीत तशी, अगदी कडा शाबूत. टेपचा गोंद चांगला होता. त्यानं शाई घट्ट धरली होती, शाईनंच रॅप सोडला होता. जिथं सांधा कोऱ्या जागेवर होता तिथं टेप जशीच्या तशी, ओढून निघेना. एका सांध्यात हातभर अंतर कोरं, हातभर छापील, आणि टेपही हातभर चिकटलेली, हातभर सुटलेली.

तीन दिवस सगळे सांधे पुन्हा केले, खर्च माझा. छापणाऱ्याचं म्हणणं, "आम्ही रब टेस्ट केली होती." केली असेलही. बोटानं घासून शाई निघत नाही म्हणजे टेपनं ओढून निघणार नाही, असं नसतं. वरून शाईत घासटू नये म्हणून मेण किंवा सिलिकॉन टाकलेलं असतं. त्यावर टेप बसतच नाही, तो आणखी निराळा त्रास.

तेव्हापासून माझी अट आहे की रोलच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून १५० मिमी पट्टा पूर्ण कोरा. सांधा तिथंच येतो. उभ्या सांध्याला कोरी जागा मिळत नाही, तिथं दोन अक्षरांमधली मोकळी जागा बघून कापायचं. आणि रोल हातात आला की आधी चिकटपट्टी अक्षरावर दाबायची, अंगठ्यानं चोळायची, एका झटक्यात ओढायची. पट्टीवर अक्षर आलं की रोल परत. उन्हात तापलेल्या रॅपवरही एकदा करून बघा, सकाळच्या गारव्यात पास झालेली शाई दुपारी नापास होते.

छपाई कामाची पण असते, हे विसरायला नको. सांधा किती घ्यायचा त्याची तुटक रेघ, बाहेरची बाजू कोणती, वर कोणतं टोक, स्क्रू कुठं मारायचा, बॅच नंबर. कारागीर माहितीपत्रक वाचत नाही, रॅप वाचतो. म्हणूनच छापलेलं चुकीचं असेल तर तो चुकीचंच काम मन लावून करतो. अमेरिकेतल्या निवासी संहितेत आडव्या सांध्याला किमान २ इंच आणि उभ्याला ६ इंच चढ सांगितलाय, कंपन्या बहुधा त्याहून जास्त मागतात. नाव छापताना ही रेघ पुसली गेली किंवा नाव रेघेच्या उलट दिशेनं छापलं, तर काय होतं? पोरं नाव सरळ दिसावं म्हणून रोल उलटा धरतात आणि वरचा पदर खालच्या पदराच्या आत जातो. पाणी थेट खिशात. रॅपची एकच बाजू फिल्मची असेल आणि नाव चुकीच्या बाजूला छापलं असेल, तर आख्खी भिंत उलटी गुंडाळली जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण नाव तर छान दिसत असतं.

स्टडच्या, म्हणजे फ्रेमच्या उभ्या खांबांच्या खुणांचं तर गणितच मांडतो. आयात रॅपवर दर १६ किंवा २४ इंचांवर खुणा असतात. २४ इंच म्हणजे ६१० मिमी. आपल्याकडे फ्रेम ६०० मिमीवर बसवलेली असेल तर पहिल्या खुणेला १० मिमीचा फरक, पाचवीला ५०, सहावीला ६०. स्टडचा पंख, म्हणजे स्क्रू बसतो ती बाजू, जेमतेम ४० ते ५० मिमी रुंद, मध्यापासून २०-२५. म्हणजे तिसऱ्या खुणेवर मारलेला स्क्रूच हवेत. पोरगा तो काढतो, शेजारी दुसरा मारतो, आणि पहिल्याचं भोक रॅपमध्ये तसंच राहतं. एका भिंतीत अशी पन्नास भोकं मी मोजलीत. म्हणून स्वतःची छपाई करून घेणारच असाल तर नावापेक्षा ६०० मिमीच्या खुणा छापून घ्या, तिथं पैसे वसूल होतात.

आता "हायवेवरून दिसेल" या वाक्याकडे परत. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते. रॅप उघडा ठेवायची मुदत असते. उत्पादक साधारण तीन ते सहा महिने सांगतात आणि ती मुदत रॅपमधल्या यूव्ही स्टॅबिलायझरच्या (उन्हापासून प्लास्टिक वाचवणाऱ्या रसायनाच्या) जिवावर असते. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा ४२ च्या वर असताना, मी त्या मुदतीच्या निम्मीच धरतो. विश्वास नसेल तर गच्चीवर पडलेलं सिमेंटचं रिकामं पोतं हातात घेऊन बघा. तेही पॉलिप्रॉपिलिनच. एका उन्हाळ्यात त्याचा भुगा होतो आणि चिमटीत धरलं की पापडासारखं तुटतं. रॅप त्याहून चांगला असतो, पण जात तीच. ज्या ठेकेदाराला रॅप ही फुकटची जाहिरात वाटते, त्याला वरचा बोर्ड बसवायची घाई का असेल? पश्चिमेची, हायवेकडची भिंत तो शेवटी झाकणार, आणि ऊन सगळ्यात जास्त त्याच भिंतीला. शाई विटली नाही म्हणजे रॅप शाबूत, हेही धरू नका. काळ्या रंगातला कार्बन ऊन अडवतो, त्यामुळे अक्षराखालचं प्लास्टिक बरं राहून भोवतालचं पांढरं आधी कुजतं असंही होतं. करारात "रॅप लावल्यापासून ३० दिवसांत झाकायचा" एवढं एक वाक्य घाला, मग नाव छापू दे त्याला.

आगीबद्दल विचारलं नाहीत, तरी एक ओळ. अक्षरांच्या शाईचं वजन चौरस मीटरला दोन-तीन ग्रॅम, रॅपचं ६० ते १००. अक्षरांनी आगीच्या वागण्यात सहसा मोठा फरक पडू नये, पण पूर्ण रंगवलेल्याचा रिपोर्ट वेगळा मागा.

रिपोर्ट हा शब्द आलाच आहे तर पुरवठादाराला गाठायची जागा हीच. तो जे कागद दाखवतो ते जवळपास नेहमी कोऱ्या रॅपचे असतात. छपाई नंतर, दुसऱ्या गाळ्यात, दुसऱ्या माणसाकडून झालेली असते. "छपाईनं फरक पडत नाही" हे त्याचं मत झालं. त्याला म्हणा, छापलेल्या रोलच्या तुकड्यावर केलेला रिपोर्ट दे: वाफेसाठी एएसटीएम ई ९६, पाण्याच्या दाबासाठी एएटीसीसी १२७, हवेसाठी एएसटीएम ई २१७८. हवेच्या शेवटच्या चाचणीत ७५ पास्कलला प्रति चौरस मीटर सेकंदाला ०.०२ लिटरपेक्षा कमी हवा जावी, असा प्रचलित निकष आहे. आणि वाफेचा आकडा नुसता "इतके ग्रॅम दर दिवशी" असा असेल तर तापमान आणि आर्द्रता विचारा. त्याशिवाय दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवणं म्हणजे शेर आणि मैल यांची बेरीज. जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) सांगून वेळ मारून नेत असेल तर ऐकू नका. जीएसएम वजन सांगतो, पाण्याबद्दल काही नाही.

दुसऱ्याच्या मालावर आपलं नाव छापायची चाल अमेरिकेतही आहे, पण तिथल्या मान्यतापत्रांत मालावर मूळ ओळख आणि रिपोर्ट क्रमांक असावा अशी अट असते. तुमच्या ठेकेदाराच्या नावाखाली मूळ कंपनी, बॅच आणि तारीख गायब होणार असेल तर नको म्हणा.

लॅबचा खर्च एका घरासाठी परवडणार नाही हे मलाही कळतं. मग घरी करा. स्टीलचा उभा डबा घ्या, तोंडावर रॅपची छापील बाजू वर ठेवून झोळीसारखी सैल बांधा, आत खाली कोरा टिपकागद ठेवा, झोळीत चार बोटं पाणी ओता, रात्रभर सोडा. शेजारी दुसऱ्या डब्यावर त्याच रोलचा कोरा तुकडा. सकाळी दोन्ही टिपकागद बघा. वाफेसाठी दोन सारखे डबे अर्धे पाण्यानं भरून तोंडावर एकावर छापील, एकावर कोरा रॅप ताणून कडेनं मेणानं बंद करा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर वजन करा. चोवीस तासांनी पुन्हा. दोन-चार ग्रॅमची घट येईल. दोन्ही डब्यांची घट जवळपास सारखी असेल तर भाच्याला दाखवा. ई ९६ मधली एक पद्धत तत्त्वतः याहून फार वेगळी नाही, फक्त तिथं खोलीचं हवामान बांधून ठेवलेलं असतं.

राहिला रेट. फ्लेक्सो छपाईच्या प्लेटचा (ठशाचा) खर्च आणि छापणाऱ्याची किमान लांबीची अट धरली, तर एका घरापुरती छपाई कोणालाच परवडत नाही. म्हणजे ठेकेदार आधीच कुठंतरी छापून पडलेला माल तुमच्याकडे खपवतोय अशी शक्यता जास्त. रोलवरची तारीख बघा. दोन उन्हाळे पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडलेला असेल तर सवलत त्याची आहे, जाहिरातीची नाही. नाव दाखवायची एवढी हौस असेल तर फाटकाला फ्लेक्स लावू दे.

आणि माल घ्यायचं ठरलंच तर पहिल्या दिवशी प्रत्येक रोलचा दोन मीटर तुकडा, बॅच नंबर दिसेल असा, कापून सावलीत गुंडाळून ठेवा. उद्या सप्टेंबरात भिंत ओली झाली तर भांडायला तोच हातात लागतो.